बाजारात बोरस्ते, घरी पगारे

अशोकअण्णा पगारे यांना पगारे म्हणून ओळखणारा एकही दुकानदार नाशिक रोडच्या बाजारात नव्हता. चष्म्याच्या दुकानात ते बोरस्ते होते, चपलांच्या दुकानात खैरनार, औषधांच्या दुकानात देवरे आणि मिठाईवाल्याकडे, का कोण जाणे, डॉक्टर शुक्ल. मी त्यांच्याबरोबर रोज संध्याकाळी फिरायला जायचो. बिटको चौकापासून जेल रोडपर्यंत एकाच माणसाला चार नावांनी नमस्कार व्हायचे, आणि अण्णा चारही नमस्कार सारख्याच दिमाखात घ्यायचे.

बिल करताना गल्ल्यावरचा पोरगा विचारतो, ‘सर, नाव? मोबाइल? जन्मतारीख?’ माझ्यासारखा एसटीत हयात गेलेला कंडक्टर घडाघडा सांगून मोकळा होतो, वर बायकोची जन्मतारीख फुकट देतो. अण्णा मात्र आधी पोराकडे नीट बघायचे, मग ठेवणीतलं नाव काढायचे. ही नावं हवेतली नव्हती. अण्णांची नोकरी अंबडच्या एका कारखान्यात झाली. तिथं ज्या ज्या साहेबानं त्यांना पिडलं, त्या त्या साहेबाचं नाव त्यांनी एकेका दुकानाला देऊन टाकलं होतं.

‘बोरस्ते साहेबाला आयुष्यात कुणी चहा विचारला नाही,’ अण्णा म्हणायचे. ‘आता बघ कंडक्टर, लोक रांगा लावून त्याला कर्ज देतायत.’

पण ही नुसती गंमत नव्हती. फोनवर कुणी ‘खैरनार सर बोलताय का?’ म्हणालं की अण्णांना बसल्या जागी कळायचं, नंबर चपलांच्या दुकानातून फुटला. मग स्वारी तडक दुकानात. एकदा त्यांनी तिथं असा आवाज लावला की, खोटं नाही सांगत, देवळाली कॅम्पात जवानांनी बंदुका उचलल्या. मालकानं हात जोडले, नंबर खोडला आणि वर पॉलिशची एक डबी पुढं केली. अण्णांनी ती घेतली नाही. ‘फुकट देणारा आधीच काहीतरी घेऊन गेलेला असतो,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं ठरलेलं वाक्य असं, ‘विचारणाऱ्याला लाज नाही, तर सांगणाऱ्याला घाई कशाला?’

घरी पार्सल आलं की त्यावरचा पत्त्याचा कागद सोलून पाण्यात भिजवायचा, त्याचा लगदा करायचा आणि गुलाबाच्या कुंडीत पुरायचा. त्या गुलाबाला अण्णांचा पत्ता पिनकोडसकट पाठ होता. आधारच्या झेरॉक्सवर ते आडवं लिहायचे, ‘फक्त गॅस कनेक्शनसाठी’, खाली तारीख आणि सही. एकदा लिहिता लिहिता एवढं लिहिलं की फोटोतले अण्णा अक्षरांच्या गजाआड बसल्यासारखे दिसायला लागले. फिरायला निघताना मोबाइल घरी. ‘मी कुठं जातो ते बायकोला सांगत नाही, ह्याला कशाला सांगू?’ आणि ओटीपीबद्दल म्हणाल, तर, ‘ओटीपी म्हणजे कवळी. कितीही प्रेम असलं तरी दुसऱ्याच्या तोंडात घालायची नाही.’

फोनवरून कर्ज देणाऱ्या मुलींशी ते कधी उद्धट बोलले नाहीत. उलट चौकशी करायचे. नाव काय बेटा, गाव कुठलं, पगार किती, जन्मतारीख काय? सुरगाण्याची एक मुलगी अशी बोलत बसली की शेवटी तिनंच अण्णांकडे कर्ज मागितलं. ‘बघितलंस?’ फोन ठेवून अण्णा म्हणाले. ‘एवढं सोपं असतं.’

दुकानांना द्यायचा नंबरही वेगळा होता. टीव्हीशेजारच्या फळीवर एक जुना बटणांचा फोन असायचा. त्याची राखण वहिनींकडे, म्हणजे शांतावहिनींकडे. त्यांचं माहेर इगतपुरीकडचं. तिथल्या पावसात एकमेकांशी बोलायचं तर ओरडावंच लागतं, आणि ती सवय सासरी आल्यावरही गेली नव्हती. ‘राँग नंबर हाय, ठेवा!’ असं त्या म्हणाल्या की समोरचा फोन ठेवायचाच, बहुतेक नोकरीही सोडायचा.

वहिनी तयार राहाव्यात म्हणून अण्णा त्यांची परीक्षाही घ्यायचे. कोपऱ्यावरच्या पानटपरीवाल्याचा फोन घ्यायचे आणि आवाज बदलून घरी लावायचे. कधी बँकेचा मॅनेजर, कधी फौजदार, कधी डॉक्टर. ‘तुमच्या मालकांचा ॲक्सिडेंट झालाय, ताबडतोब पैसे पाठवा.’ वहिनी एकदाही फसल्या नाहीत. अण्णा घरी आले की त्याच विचारायच्या, ‘आज फौजदार व्हता ना? लय शेंबडा आवाज काढला तुमी.’

त्या संध्याकाळी माझा गुडघा धरला होता, म्हणून अण्णा एकटेच गेले. आठच्या सुमाराला मी पेपर परत करायला त्यांच्या घरी गेलो. अण्णा यायचे होते. वहिनी भाकऱ्या थापत होत्या आणि भलत्याच खुशीत होत्या.

‘भाऊजी, आज तं तुमच्या अण्णांनी कमालच केली. बाईचा आवाज काढला!’

‘काय म्हणाली बाई?’

‘बोरस्त्यांच्या घरून बोलता का? त्यांना गाडीनं उडवलं, डोक्याला लागलंय, उड्डाणपुलाजवळच्या दवाखान्यात आणलंय, लवकर या. तीनदा केला फोन. तिसऱ्यांदा मी म्हणलं, आवाज चांगला जमलाय, आता जेवायला या.’

मी हसलो. मग हसता हसता विचारलं, ‘पैसे किती मागितले?’

वहिनींचा हात परातीत थांबला. ‘पैसे नाय मागितले.’

‘वहिनी, बोरस्ते कुठल्या दुकानाचे?’

‘चष्म्याच्या.’

‘आणि अण्णा कुठं गेलेत?’

‘तिकडंच. चष्म्याची काडी बसवायला.’

तव्यावरची भाकरी करपायला लागली, ती मीच उतरवली. नंतर त्या एकच वाक्य बोलल्या. ‘भाऊजी, त्यांना पेनिसिलिन चालत नाय.’

हे मलाही माहीत होतं. पूर्वी एकदा पायाला खिळा लागला, तेव्हा त्या इंजेक्शननं अण्णांचा गळा आतून सुजून श्वास बंद झाला होता. तिथं डॉक्टर शेजारीच उभा होता म्हणून वाचले. आताच्या डॉक्टरांना हे कोण सांगणार? पगारे नावाच्या माणसाला ते चालत नव्हतं, पण दवाखान्यात तर बोरस्ते पडले होते.

मी फळीवरचा फोन उचलून तो नंबर फिरवायला गेलो, तर वहिनींनी माझा हात धरला. ‘नंबर उलटा फिरवायचा नाय, पत्त्यावर जायचं. त्यांनीच शिकवलंय.’ त्या अवस्थेतसुद्धा! मग पिठाच्या हातानं रिक्षात. रिक्षावाल्यानं बिटकोचा सिग्नल तोडला की उचलून बाजूला ठेवला ते मला आठवत नाही, पण आम्ही पोचलो.

काउंटरवर वहिनींनी विचारलं, ‘पगारे कुठंयत?’

‘पगारे नावाचं कुणी नाही, मावशी.’

‘बरं, मग बोरस्ते?’

‘तुम्ही नक्की कुणाच्या कोण?’ असं ती मुलगी विचारते आहे तोवर वहिनी पडदा बाजूला सारून आत. अण्णा डोळे मिटून पडलेले, डोक्याला पट्टी, आणि सिस्टर सिरिंजमध्ये औषध भरत होती. वहिनी अशा ओरडल्या की स्टेशनवर गाडी सुटत असेल तर तीही थांबली असेल. ‘थांब पोरी! पेनिसिलिन हाय का त्यात?’

सिस्टर दचकली. तिनं बाटली बघितली, मग डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर पुढं आले, त्यांनी बाटली स्वतः वाचली आणि सिरिंज तिच्या हातातून काढून घेतली. त्यात तेच होतं.

डॉक्टर चिडले. त्यांचंही बरोबर होतं. ‘अहो, आम्ही त्यांना विचारलं होतं. आणलं तेव्हा अर्धवट शुद्ध होती. नाव विचारलं, बोरस्ते म्हणाले. मोबाइल नंबर न अडखळता सांगितला. जन्मतारीखही दिली.’

‘आणि औषधाचं?’ मी विचारलं.

‘कुठलं औषध चालत नाही का, असं विचारलं. तर म्हणाले, तुला काय करायचंय?’

शुद्ध हरपली होती, शिस्त हरपली नव्हती.

दुसरं औषध दिलं. टाके सात पडले. अण्णा सांगताना सतरा सांगायचे, आणि मी सत्तावीस सांगतो. सकाळी ते चांगले शुद्धीवर आले. वहिनी रात्रभर स्टुलावर बसून होत्या. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, ‘फोन आल्यावर काय केलंस?’

‘आपटला. तीनदा.’

‘शाब्बास,’ अण्णा म्हणाले.

मला वाटलं, आता वहिनी ओरडणार. मी खुर्ची मागं सरकवली. पण त्या इतक्या हळू बोलल्या की त्यांचा तसला आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. ‘रात्री तुमचं बरंवाईट झालं असतं, तं कागदावर बोरस्ते मेला असता. मी रडायचं कोणाच्या नावानं?’

अण्णांनी वहिनींचा हात ओढून घेतला आणि बोटांवरचं वाळलेलं पीठ नखानं काढायला लागले.

थोड्या वेळानं सिस्टर नवा केसपेपर घेऊन आली. ‘काका, आता सगळं खरं सांगा हं. पूर्ण नाव, जन्मतारीख, आधीचे आजार, औषधं.’

अण्णांनी दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘कंडक्टर,’ ते म्हणाले, ‘तू जरा बाहेर जा.’

अठरा वर्षांची दोस्ती! मी बाहेर गेलो. दार लोटलं आणि अर्थातच दाराला कान लावला. आत अण्णा सांगत होते. वडिलांचं नाव, गाव, साखर किती, गोळ्या कुठल्या, पूर्वीचं ऑपरेशन. कुठंही न थांबता, शाळेत पाढे म्हणावेत तसं. पेनिसिलिनचं तर त्यांनी दोनदा सांगितलं आणि लाल पेनानं लिहायला लावलं. मग म्हणाले, ‘आता वाचून दाखव बेटा.’

बाजारात ते पुढंही बोरस्ते आणि खैरनारच राहिले. मात्र प्रत्येक सदऱ्याच्या खिशात वहिनींच्या हातची एक चिठ्ठी असायची, खऱ्या नावाची. असे ते आणखी चार वर्षं जगले आणि गेले ते घरी, झोपेत, पगारे म्हणूनच.

त्या दाराबाहेर मला अण्णांची खरी जन्मतारीखही कळली. ती मी इथं लिहीत नाही.