चेकरचा दुसरा प्रश्न

आमच्या बाबांना सगळे चेकर म्हणतात. नळ बनवायच्या कारखान्यात जन्मभर गेटवर उभं राहून त्यांनी घरी निघालेल्या माणसांच्या पिशव्या तपासल्या. नोकरी सुटली, तपासणी सुटली नाही. दुधाचं माप, गॅसचं बटण, दाराची कडी, सगळं दोन-दोनदा बघतात. आई म्हणायची, "मी मेले तरी हे नाडी बघून खात्री करून घेतील." आणि खरंच घेतली. डॉक्टरांनी सांगितल्यावरही कितीतरी वेळ तिचं मनगट धरून बसले होते.

माझ्या लग्नाच्या वेळचं माझा नवरा अजून सांगतो, "मुलगी बघायला गेलो आणि उलटतपासणी देऊन आलो." मी कशीबशी सुटले, धाकटी बहीण अडकली. तिची दोन स्थळं बाबांनी परत पाठवली. एकाचे बूट फार चकचकीत होते म्हणून, आणि दुसरा फार हसत होता म्हणून. "विनाकारण हसणारा काहीतरी लपवत असतो." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा, पण धाकटी गप्प. रोज ऑफिसातून यायची, गॅलरीत बाबा वाट बघत उभे असायचे, ती आत आली की ते दाराला कडी घालायचे आणि ती एकदा ओढून बघायचे. असं वर्षानुवर्षं चाललं.

मग एके दिवशी तिनेच माणूस शोधला. तिच्या ऑफिसखाली इंग्रजीचे क्लास घेणारा मास्तर. मला म्हणाली, "ताई, यालाही परत पाठवलं ना, तर मी पुन्हा लग्नाचं नाव काढणार नाही." ही पोरगी बोलते तसंच वागते.

मास्तर आला. बूट साधे, हसणं बेताचं. मी मनात म्हटलं, चला, निम्मं काम झालं. त्याने बाबांना विचारलं, "काका, आपण काय करत होतात?"

"चेकर होतो."

"अरे वा!" मास्तर खुर्चीच्या टोकाशी सरकला. "म्हणजे तुमचा शब्द थेट राजवाड्यातून आलाय!"

झालं. गडी सुटलाच. म्हणाला, फारसीत राजाला शाह म्हणतात. बुद्धिबळात राजावर चाल आली की 'शाह!' ओरडायचं, तोच आपला शह. तो शब्द हिंडत हिंडत फ्रेंचांकडून इंग्रजीत गेला आणि त्याचा चेक झाला. राजाला रोखायचं, म्हणून चेक म्हणजे अडवणं. पुढे अडवून तपासणं. पटावर चौकटी असतात, म्हणून चौकटीच्या शर्टालाही चेक्स. पूर्वी तिकडे सरकारी हिशेब चौकटीच्या कापडावर मांडत, त्यातून खजिन्यालाच त्या कापडाचं नाव पडलं, आणि बँकेतला चेकही त्याच गोतावळ्यातला. "आणि चेकमेट म्हणजे शाह मात," मास्तरने हात झटकला. "राजा मेला!"

मी आणि धाकटी भारावून बसलो होतो. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं, "एकटा शब्द इतकी कामं करतो? गेटवर असा माणूस आला असता तर आधी त्यालाच बाजूला घेतला असता."

तो गेल्यावर म्हणाले, "लोणी लावत होता. म्हणे राजवाडा! उचलली जीभ, लावली टाळ्याला."

"बाबा, तो शिकवतो हे," धाकटी म्हणाली.

"छोटं खोटं ज्याला जमतं त्याला मोठंही जमतं. मी बघतो."

आणि खरंच बघायला निघाले हो! संशयाला औषध नाही म्हणतात ते उगाच नाही. आधी शिंप्याकडे. चौकटीच्या कापडाला चेक्स का म्हणतात? शिंपी म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणतं म्हणून." मग बँकेत. तिथला बाबू म्हणाला, "काका, मागे रांग आहे." मग बागेत बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्यांकडे. त्यांनी एकमुखाने सांगितलं, चेकमेट म्हणजे राजा मेला, लहानपणापासून हेच ऐकतोय. एवढी एक गोष्ट जुळली, तर बाबांना तेही आवडलं नाही. जाता जाता मास्तरच्या घरमालकिणीलाही गाठलं. ती म्हणाली, माणूस चांगला आहे. बाबा मला म्हणतात, "बाई फार पटकन बोलली. पढवलेली असणार."

मी कपाळावर हात मारला.

"आता त्याला पुन्हा बोलाव," बाबांनी धाकटीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला, कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं हे काय आहे. गेटवरची त्यांची रीतच ती. पिशवीत काय आहे विचारायचं, मग हवापाण्याचं बोलायचं, आणि माणूस निर्धास्त झाला की तोच प्रश्न पुन्हा टाकायचा. खरा माणूस तेच उत्तर देतो. दुसऱ्यांदा उत्तर बदललं की पिशवी उघडायची. या एका युक्तीवर त्यांनी डब्यातून, छत्रीतून, एकदा तर पगडीसारख्या गुंडाळलेल्या मफलरमधून नळ काढले होते.

रविवारी मास्तर आला. चहा झाला, हवापाणी झालं. बाबा बिस्किट बुडवता बुडवता म्हणाले, "ते राजाचं काय सांगत होता तुम्ही परवा?"

धाकटीने माझा हात घट्ट धरला. मी मनात म्हणत होते, मास्तरा, जसंच्या तसं सांग, एक अक्षर इकडचं तिकडे करू नकोस.

"बरं झालं विचारलंत," मास्तर म्हणाला. "मागच्या खेपेला मी एक चूक सांगितली."

मेलो आम्ही, मी मनात म्हटलं.

"राजा मेला असं मी म्हणालो. सगळे तसंच म्हणतात, मीही बोलून गेलो. घरी जाऊन नीट वाचलं. राजा मरत नाही. जाणकार म्हणतात, तो हतबल होतो. कोंडीत सापडतो, जायला घर उरत नाही, एवढंच."

बाबांनी कप खाली ठेवला. बिस्किटांचा डबा बंद केला, झाकण एकदा दाबून बघितलं. मास्तरला वाटलं आपलं काहीतरी चुकलं, बिचारा लवकरच उठला.

दार लागल्यावर धाकटीने विचारलं, "मास्तर का नको, बाबा?"

"नको म्हटलं का मी?"

"चेहरा म्हणतोय."

"उत्तर बदललं त्याने."

"स्वतःहून सांगितलं! गेटवर कोणी स्वतःहून पिशवी उघडली होती?" मी तावातावाने म्हटलं.

"नाही. म्हणूनच तर. स्वतःहून एक उघडतो, म्हणजे दुसरी कुठेतरी असणार."

मी भांडायला पदर खोचलाच होता, पण धाकटीने मला डोळ्यांनी थांबवलं. ती कप घेऊन आत गेली, विसळून आली. बाबांच्या शेजारी बसली. गॅलरीतल्या कुंडीला पाणी घातलं का विचारलं. गुडघा कसा आहे विचारलं. ऑफिसातली लिफ्ट बंद पडल्याचा किस्सा सांगितला, बाबा थोडे हसलेसुद्धा. मग तिने त्यांच्या सदऱ्याचं लोंबणारं बटण बघत सहज म्हटलं, "आणि मास्तर का नको?"

"संध्याकाळी मी कोणाची वाट बघू मग?" बाबा म्हणाले.

म्हणाले आणि थबकले. त्यांनाच कळलं. जन्मभर दुसऱ्यांना ज्यात पकडलं त्यात स्वतः सापडले होते. धाकटीचे डोळे भरून आले होते, आणि माझं म्हणाल तर मी सरळ रडत होते.

"उत्तर बदललं, बाबा," शेवटी ती हळूच म्हणाली.

"बदललं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, तो आधीच स्वच्छ होता. "तुझी आई गेली, ही सासरी गेली, आता तू. रिकाम्या घराला कडी घालून ओढून बघायची, हे मला जमायचं नाही गं. मास्तरात खोट नाही. मी शोधली, सापडली नाही."

धाकटीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. बाहेर अंधार पडत होता. बाबा उठले, दाराशी गेले, कडीला हात लावला आणि तसाच मागे घेतला.

"मास्तर अजून कोपऱ्यावर बसची वाट बघत असेल," ते म्हणाले. "जा, त्याला जेवायला बोलाव. मी गॅलरीत उभा राहतो."