गजूदादाचा सा

गजूदादाला 'सा' कुठे लागतो ते माहीत नव्हतं, आणि आमच्या पिंगळीतली एकही हळद त्याच्या गाण्यांशिवाय होत नव्हती.

तो माझा मोठा चुलतभाऊ, मला बारकी म्हणायचा. जुन्या कॉम्प्युटरवर हलगीचे ठोके कापून-जोडून डीजेची गाणी बनवायचा.

मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, तेही संगीत घेऊन.
त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, आधी थिअरी शिक. तो म्हणायचा, लोकं नाचायलेत ना, मग झालं.

एकदा त्यानं काकूचं, म्हणजे त्याच्या आईचं, हळदीचं गाणं रेकॉर्ड केलं. खाली बीट, सोबत कीबोर्ड.
काहीतरी खटकत होतं. ते त्यालाही कळत होतं.

हळदीला बायका पेटी घेऊन बसत नाहीत. जिला जिथून जमेल तिथून ती गाणं उचलते.
काकूचा सूर काळी एक आणि पांढरी दोन या पट्ट्यांच्या मधे. कीबोर्डवर तिथे बटणच नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काकूचा आवाज ओढून काळी एकमध्ये बसवला. एकदम परफेक्ट.

काकूनं शांतपणे ऐकलं.
"चांगली गायलीय बाई. कोन हाय ही?"

मला हसू आलं. दादाला नाही.
"आईला हलवू नको. मशीनला हलव."

ते कसं करायचं, हे त्याला येत नव्हतं. मला येत होतं. अख्ख्या कीबोर्डचं ट्यूनिंग किंचित वर नेलं, काकूच्या मूळ सुरापर्यंत.
काकू परत काकू झाली.

दादा म्हणाला, "मला शिकव माय हे. कानाला कळतंय, पन काय बिघडलंय ते सांगता येत न्हाई."

मी व्हॉट्सॲपवर सरगम पाठवायचे, तो ती गाऊन परत पाठवायचा.
पहिला अलंकार सुरू होता. मग त्याला कावीळ झाली.

इलेक्ट्रॉनिक म्युझिकला थिअरी लागते का, असं कुणी विचारलं तर मी अजूनही हो म्हणते. फक्त कशासाठी, ते आता वेगळं सांगते.

आज त्याचं वर्षश्राद्ध. काकू म्हणाली, त्याचा आवाज ऐकव.
इतकी गाणी बनवली त्यानं, पण स्वतः एकातही गायला नाही. माझ्याकडे फक्त ती सरगम.

त्यात त्याचा सा पट्टीच्या चांगलाच खाली उतरलेला. दुरुस्त करणं अवघड नव्हतं.

मी तानपुऱ्याचा सूर खाली आणला, त्याच्या सा-पर्यंत. आणि दोन्ही एकत्र लावलं.

काकूनं डोळे मिटले. "गजूच हाय."

दादा, सा लागला बघ.
तुझ्या बारकीची तुला श्रद्धांजली.