डोमाजींना डिझेलचीच गाडी का हवी होती

डोमाजी आमच्याकडे ड्रायव्हर होते, पण घरातला एकूण थाट असा, की गाडी त्यांची आणि आम्ही तिच्यातले उतारू. माझे वडील, डॉक्टर त्र्यंबक, बालाघाटला दवाखाना चालवत. आठवड्यातून दोनदा उकव्याला आणि एकदा लालबर्‍याला ते रोगी पाहायला जात. लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी पेट्रोलची जीप होती. तिचा सायलेन्सर केव्हाच गळून पडला होता, त्यामुळे डॉक्टर येताहेत हे गावाला डॉक्टर दिसायच्या आधी कळायचं.

डोमाजी गाडी अनवाणी चालवायचे. चपला काढून सीटखाली सारायच्या, तळपाय पत्र्यावर नीट टेकवायचे आणि मगच सेल्फ मारायचा. थंडीच्या दिवसांतही यात बदल नाही. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला सगळ्यातलं सगळं कळत होतं, त्यामुळे या देवळात शिरल्यासारख्या प्रकाराची मी यथेच्छ टिंगल करायचे. डोमाजी नुसते हसायचे. आता वाटतं, माझं अर्धं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचतच नसेल.

चौर्‍याहत्तरच्या दिवाळीनंतर त्या जीपने उकव्याच्या घाटात अंग टाकलं. चेसिसच मोडली. दुसरी गाडी घेणं आलं, आणि आसपास दोन गाड्या विकाऊ होत्या. उकव्याच्या खाणीतल्या एका साहेबांची बदली झाली होती, त्यांची पेट्रोलची अँबेसेडर. आणि लालबर्‍याच्या एका मिलमालकाची, मागाहून डिझेल इंजिन बसवलेली जीप.

आईचं मत पेट्रोलला. तिचं नाव प्रमोदिनी, आणि तिनं मत दिलं की दिलं. अडलेल्या बाईला न्यायचं तर गाडी हादरणारी नको, आणि थंडीत पहाटे हाक आली तर डिझेल तापायची वाट कोण पाहणार, असं ती म्हणायची. माझंही मत पेट्रोललाच, कारण अँबेसेडर पांढरी होती आणि तिच्यात पडदे होते. पेट्रोलचे भाव भडकले होते खरे, पण ते बाबांनी पाहायचं होतं.

डोमाजींनी मात्र पेट्रोलच्या गाडीला पाण्यात पाहायला सुरुवात केली. पेट्रोल उडून जातं, ते म्हणाले. पेट्रोल पेट घेतं. पेट्रोलच्या गाडीत प्लग आणि कॉइलची नखरेल जोडी, पाण्याचा शिंतोडा उडाला की रुसली. डिझेलला असलं काही नाही, ते बैलासारखं खालमानेनं ओढत राहतं. एरवी दिवसात दहा वाक्यं न बोलणारा माणूस आठवडाभर वकिलासारखा बोलत होता. आई वैतागून म्हणाली, की डोमाजींना त्या मिलमालकानं काही कबूल केलंय की काय. तो आरोप अगदी खोटा होता, आणि त्यांना तो ऐकूही जात नव्हता.

कारण खरी गोष्ट वेगळीच होती. ड्रायव्हर होण्याआधी डोमाजींनी सोळा वर्षं लालबर्‍याला राइस मिलचं ऑइल इंजिन सांभाळलं होतं. तंबोर्‍याला गवयी बसतो तसे ते त्याच्या शेजारी बसायचे, दिवसाचे दहा-दहा तास. त्या इंजिनानं त्यांना पोटाला दिलं आणि हळूहळू कान नेले. उजवा आधी गेला, डावा गेल्या दोन-अडीच वर्षांत. जुन्या जीपचा गोंगाट एवढा, की निभलं. पण सुताच्या चातीसारखी चालणारी पेट्रोलची मोटार चालू आहे की बंद, हे त्यांना कळलंच नसतं. डिझेलचा धक्का मात्र पत्र्यातून तळपायात चढतो, तो त्यांना इंजिनावरच्या दिवसांपासून पाठ होता. हे त्यांच्या बायकोला, गोदाबाईला, तेवढं माहीत होतं. बाकी कुणाला त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. बहिर्‍या माणसाच्या हाती स्टिअरिंग कोण देईल? आपल्या राजेगावच्या घरी ओट्यावर रिकामं बसायची त्यांना धास्ती होती, आणि ती धास्ती खोटी नव्हती. हे सारं मला पुढे गोदाबाईंनी सांगितलं. त्या वेळी मला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक नव्हतं म्हणून मी जे केलं ते बरं ठरत नाही.

रविवारी दोन्ही गाड्या आमच्या अंगणात आल्या. आधी अँबेसेडर. डोमाजींनी चपला काढल्या, आत बसले, पायाखालचा रबरी मॅट उचलून बाजूला ठेवला. सेल्फ मारला आणि गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली, अगदी अलगद. त्यांनी तळपाय दाबून पाहिला, थोडं थांबले, आणि पुन्हा सेल्फ मारला.

चालू इंजिनावर सेल्फ मारला की दातावर दात खरवडतात तसा आवाज येतो. सगळ्या अंगणात तो आवाज गेला. साहेबांचा माणूस हात हलवत ओरडला. डोमाजींनी तिसर्‍यांदा मारला. आणि मी हसले. तोंडावर हात धरून नव्हे, चांगली खळखळून हसले.

डोमाजींनी आमचे चेहरे पाहिले तेव्हा त्यांना कळलं. ते खाली उतरले, गाडीच्या सेल्फमध्येच खराबी आहे असं पुटपुटले, आणि नळावर जाऊन उगाचच पाय धुवायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका धडधाकट यंत्राला नावं ठेवली असतील. साहेबांच्या माणसाला चहाला बसवून बाबांनी डोमाजींना दुसर्‍या जीपकडे बोट दाखवलं, स्वतः शेजारी बसले आणि मला म्हणाले, तूही चल.

आम्ही राजेगावच्या रस्त्याला लागलो. मला कबूल करायला हवं, त्या दिवसासारखी गाडी मी कुणाला चालवताना पाहिलं नाही. गियर बदलल्याचं कळत नव्हतं. समोर बैलगाडी दिसली की ते तिच्या कितीतरी आधीपासून वेग उतरवत आणत. क्षणाक्षणाला नजर आरशात जात होती, मागून कोण येतंय ते पाहायला. मी मात्र मागे बसून अजून त्या सेल्फच्या आवाजावर मनात हसत होते.

चार-पाच मैलांवर बाबांनी हातानं खूण करून गाडी मोहाच्या झाडाखाली थांबवायला लावली. ते उतरले, बॉनेटला वळसा घालून डोमाजींच्या बाजूला आले आणि त्यांच्या अगदी समोर उभे राहिले. घरात पुस्तकी बोलणारे बाबा डोमाजींशी नेहमी त्यांच्याच बोलीत बोलायचे.

"डोमाजी, डिझेलच काहून पायजे?"

डोमाजींनी पेट्रोल उडून जातं इथपासून सुरुवात केली, पण दुसर्‍या वाक्याला त्यांचा धीर सुटला.

"मले ऐकू येत नाही, साहेब. पेट्रोलची गाडी चालू हाय का बंद, मले समजतच नाही. हिचं पायाले समजते." त्यांनी चाबी काढली आणि बाबांपुढे धरली. "म्या लपवलं. हे घ्या."

बाबांनी चाबी घेतली नाही.

"मले माहीत आहे. दोन वर्सं झाले."

"मंग बोलले काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहून राह्यलो होतो. मागून कधी हाक मारली का मी तुम्हाले? समोर येऊनच बोलतो ना?"

बाबा प्रत्येक वेळी गाडीला वळसा घालून का जातात, हा प्रश्न मला कधी पडलाही नव्हता. दोन वर्षं मी ते पाहत होते.

बाबा पुढे म्हणाले, दोन्ही बाजूंना मोठे आरसे लावून घेऊ, मागचा हॉर्न मी ऐकीन आणि तुमच्या खांद्याला हात लावीन. दोन्ही कान शाबूत असलेले ड्रायव्हर तरी कुठे कुणाचा हॉर्न ऐकतात? आणि पुढच्या आठवड्यात नागपूरला कानाच्या डॉक्टरकडे चलायचं, त्यात कुरकुर चालणार नाही. हीच गाडी घेतोय, असं सांगून ते आपल्या जागेवर जाऊन बसले. डोमाजींनी चाबी पुन्हा लावली आणि तळपाय पत्र्यावर नीट टेकवले. मग गाडी सुरू केली, आणि एकदाच सुरू केली.

घरी आल्यावर आईला बाबांनी आत नेऊन काय सांगितलं माहीत नाही. पांढर्‍या गाडीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. डोमाजी अंगणात जीप धुवायला बसले होते. मी त्यांच्या पाठीमागून "काका" म्हणाले आणि जीभ चावली. मग जीपला वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"काका, मी मघाशी हसले. चुकलं माझं."

त्यांनी माझ्या ओठांकडे नीट पाहिलं.

"हासलेलं ऐकू नाही आलं, बेटा," ते म्हणाले. "दिसलं."

मग त्यांनी ओलं फडकं पिळून माझ्या हातात दिलं आणि मागचं चाक दाखवलं.