टाकीच्या तोंडावर

रंगुबाईला वस्तीवरची पोरंटोरंसुद्धा ओळखायची, पण चांगल्या नावानं नव्हे. प्रवरेच्या कालव्याकाठी एक साखर कारखाना होता, त्याच्या मागच्या झोपड्यांत ती राहायची. ती पाण्याला निघाली की बायका एकमेकींना कोपर मारून सांगायच्या, नवऱ्याच्या उरावर बसली ती हीच. या बायका मनानं वाईट नव्हत्या. घरातलं मीठ संपलं की त्या तिच्याच दारात यायच्या, आणि मीठ घेऊन परत जाताना पुन्हा तेच बोलायच्या.

तिचं माहेर जामखेडकडचं. तिकडे पाण्याची बोंब, त्यामुळे एखादं साल पिकलं की ज्वारी जमिनीखालच्या पेवात जपून ठेवायची. पेव उघडलं तरी लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड दिवसभर मोकळं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर उतरायचं नाही, एवढं शेंबडं पोरही जाणत होतं. रंगुबाई परकर नेसत होती तेव्हा तिचा चुलता घाई करून उतरला. त्याला काढायला त्याचा भाऊ गेला, भावाला काढायला गडी गेला. अंगणात तिघांना शेजारी शेजारी निजवलेलं तिनं पाहिलं होतं.

लग्नानंतर ती नवऱ्याबरोबर, आसारामबरोबर, कारखान्यावर आली. सासू छबूबाई आणि धाकटा दीर गोरक्ष हेही बरोबर होते. आसाराम दिलदार माणूस, पाठ टेकली की झोपणारा. घोरायचा मात्र असा, की शेजारचे लोक सकाळी हात जोडून म्हणायचे, बाबा, आज कुशीवर नीज. रंगुबाईला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. माहेरी गेली की ती रात्र रात्र तळमळायची आणि आई तिची थट्टा करायची.

कारखान्यात मळीची टाकी होती. साखर काढून जो काळा दाट पाक उरतो ती मळी. टाकी जमिनीत पुरलेली, सिमेंटची, वर माणूस जाईल एवढं तोंड आणि त्यावर लोखंडी झाकण. पलीकडच्या टोकाला तसंच आणखी एक झाकण, पण ते कधी कुणी उघडत नसे. उसाचं गळीत सुरू व्हायच्या आधी तळाचा गाळ खरवडून काढावा लागे. आधी दोन दिवस झाकण उघडं ठेवायचं, कंदील खाली सोडून पाहायचा, मगच माणूस उतरवायचा, असा नियम कारखान्याच्या साहेबांनीच घालून दिला होता. नियम चांगला होता, पाळला असता तर. पण ते लढाईचे दिवस होते. रॉकेलवर कंट्रोल आलेला, कोठीतून कंदिलापुरतं रॉकेल मिळवायलाही साहेबांची सही लागायची, आणि साहेब नगरला गेलेले. गळीत तर तोंडावर येऊन ठेपलेलं. मुकादम काकासाहेबांनी झाकण काढायला लावलं, वाकून वास घेतला, नुसता आंबूस वास येतोय म्हणाले आणि आसारामला खूण केली. त्यांच्या नाकावर सगळा कारखाना सोपवला होता जणू!

रंगुबाई गोरक्षबरोबर गाळाच्या बादल्या ओढायला तिथंच उभी होती. तिला पेव आठवलं नाही. पेव मातीचं, आपल्यासारख्यांचं. टाकी साहेबांची, पक्क्या कामाची. दोन्हींच्या पोटात एकच मरण असेल हे तिच्या ध्यानीमनीही आलं नाही. याचा सल तिला पुढे आयुष्यभर राहिला. आता साहेब, मुकादम, कोठीवाला, सगळ्यांना सोडून हिनंच का म्हणून झुरावं? पण झुरत राहिली ती हीच.

आसाराम शिडीनं उतरला. दोन बादल्या वर आल्या. तिसरीची दोरी ओढली तर बादली रिकामीच आली. गोरक्षनं हाका मारल्या, आतून ओ नाही. बाजूला योसेफ नावाचा बॉयलरवरचा कामगार विडी ओढत बसला होता. त्यानं विडी टाकली आणि आत उतरला. शिडीच्या निम्म्यावर गेला आणि हात सुटून खाली कोसळला. त्याचीही हाक आली नाही.

तेव्हा तिला पेव आठवलं.

गोरक्षनं मुंडासं फेकून शिडीवर पाय ठेवलाच होता. तिनं त्याच्या कमरेला मिठी मारून त्याला मागं ओढलं. दोघंही पडली. तो उठायच्या आत ती धावली आणि टाकीच्या तोंडावर आडवी बसली. माणसं गोळा झाली होती. त्यातले दोघे तिघे उतरायला निघाले होते, पण तिला हलवल्याशिवाय वाट नव्हती आणि परक्या बाईच्या अंगाला हात लावायला कुणी धजेना. गोरक्षचा हात मात्र अडला नाही. त्यानं तिचे केस ओढले, पाठीत बुक्क्या घातल्या.

"वैनी, सरा बाजूला, दादा मरंल माझा!"

"भावजी, तुमीबी जाल. गळ आना, दोर आना, दुसरं झाकन फोडा. आत उतरायचं न्हाई."

आणि खालून तिला आसाराम ऐकू येत होता. घोरत होता तो. जड, अडखळत, पण त्याचंच घोरणं, तिच्या अंगाखालून येणारं. वर आरडाओरडा चाललेला, त्यात दुसऱ्या कुणाच्या कानावर ते गेलं नाही. तो जिवंत आहे हे तिला कळत होतं. उठलं तर गोरक्ष जाणार, त्याच्यामागं आणखी कुणी जाणार, हेही कळत होतं. पलीकडचं झाकण गंजून बसलेलं. घण येईपर्यंत, ते फुटेपर्यंत घोरणं तुटक झालं, मग थांबलं. ती तिथंच बसून होती.

पलीकडच्या तोंडातून गळ टाकून दोघांना बाहेर काढलं तेव्हा दोघंही गेलेले होते. पुढे कारखान्यानं टाकीवर जाळी बसवली, आत वारा सोडायचा पंखा आणला, नियमाची पाटी लावली. साहेब तिला म्हणाले, बाई, तू बसलीस म्हणून आणखी माणसं वाचली. ती हो म्हणाली. पण आपल्या अंगानं तोंड बंद झालं आणि आत जाणारा तेवढाही वारा थांबला, हे तिच्या मनातून जाईना. साहेबांनी परोपरीनं समजावलं, एवढ्या वाऱ्यानं तो वाचला नसता म्हणून. ती त्यालाही हो म्हणाली.

छबूबाईनं तिला घराबाहेर काढलं. माझ्या लेकाच्या तोंडावर बसली, एवढं एकच वाक्य म्हातारी मरेपर्यंत बोलत राहिली. योसेफची बायको मरिया तिला कधी वावगं बोलली नाही, रस्त्यात भेटली की नुसती मान खाली घालून जायची. ते रंगुबाईला शिव्यांपेक्षा जड जायचं. गोरक्षनं तर बोलणंच टाकलं. त्याचं लग्न झालं, तिला बोलावणं नाही. तरी ती त्याची वाट पाहायची. एक ना एक दिवस तो येईल, विचारील, आणि आपण त्याला सगळं सांगू असं तिनं मनाशी धरलं होतं. त्याचा भाऊ, आपला नवरा. त्या घोरण्यासाठी रडायला जगात दुसरं होतंच कोण?

लढाई संपली, गोरा साहेब गेला, राज्य आपलं झालं, तेव्हा कुठं तो आला. कडेवर पोरगी होती. दाराशी बराच वेळ उभा राहिला, मग आत येऊन बसला. अंगानं वाळला होता. दादा रोज सपनात येतो, म्हणाला, रात्री झोप न्हाई.

"वैनी, खरं सांगा. तुमी बसला तवा दादा जिता हुता का?"

रंगुबाईनं त्याच्याकडे पाहिलं. पोरगी त्याच्या मांडीवर बसून त्याच्या सदऱ्याच्या गुंडीशी खेळत होती. गोरक्षचे डोळे रंगुबाईच्या तोंडावरून हलत नव्हते.

"न्हाई भावजी," ती म्हणाली. "तिसरी बादली रिकामी आली तवाच गेलं हुतं."

तो गुडघ्यात डोकं घालून ढसाढसा रडला. मग त्यानं तोंड धुतलं, तिच्या पाया पडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातचं पोटभर जेवला. जाताना म्हणाला, आता मला झोप लागंल वैनी. ती दारात उभी राहून त्याला जाताना पाहत राहिली. तो दिसेनासा झाल्यावर आत आली, त्याचं ताट उचललं आणि चुलीपुढं बसून एकटीच रडली.