कोहळ्याचा ईसीजी

धडधाकट माणसाला "तुमच्या छातीत ठोके जास्त पडतात" असं सांगायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? माझ्यावर एकाच हंगामात कितीतरी वेळा आली. दिग्रसच्या टोकाला एका लहान दवाखान्यात मी ईसीजी काढायचे. दहावी झालेली होते, बाकीचं डॉक्टरांनी शिकवलं. अशा गोष्टी कोणी मुद्दाम जमवत नाही. चहाच्या वेळी एक निघाली की तिच्यामागे दुसरी येते, आणि चहा गार होतो.

कापसाचे ते वाईट दिवस होते. माणसं छाती धरून यायची. बहुतेकांना आजार नसायचा, धास्ती असायची. डॉक्टर म्हणायचे, "शोभाताई, ईसीजीची पट्टी चांगली आली की माणूस इथंच अर्धा बरा होतो." आमची मशीन म्हणजे लोकांचा धीर होता. आणि तीच रोज संध्याकाळी बिघडू लागली.

• • •

पहिला सापडला बाजारातला एक हमाल. दोन माणसांचं ओझं एकटा उचलणारा. संध्याकाळी कळ आली म्हणून आला. पट्टीवर त्याचे ठोके होते, आणि मध्येमध्ये सुईसारख्या उभ्या रेघा. डॉक्टरांनी त्याला यवतमाळला पाठवलं. तिथं पट्टी स्वच्छ आली.

दुसऱ्या दिवशी तो दारात उभा. "बाई, यवतमाळात मी चांगला, दिग्रसात बिमार. मंग माही तब्येत यष्टीत बदलते काय?"

• • •

मशीन देणाऱ्या कंपनीने फोनवर सांगितलं, मोबाईल लांब ठेवा. तेव्हा मोबाईल नवे होते, कोणी हातातून सोडायला तयार नसे. मी घरून पिठाचा रिकामा डबा आणला आणि सगळ्यांचे फोन त्यात ठेवून डबा बाहेर बाकावर ठेवला.

पाच मिनिटांत एक म्हातारी आत आली. "अवो बाई, तुमचा डबा रडून राह्यला. कोणी घेता काय त्याले?"

रेघा मात्र तशाच होत्या.

• • •

मग नागपूरहून कंपनीचे इंजिनियर आले. सकाळच्या गाडीने आले, दुपारभर मशीन तपासली. एकही रेघ नाही. पाहुण्यांपुढे पोर शहाणं होतं तशी मशीन वागली. त्यांनी बॅगेतून दाखला काढला. "डॉक्टर, ही मशीन आजूबाजूच्या उपकरणांना त्रास देत नाही आणि त्यांचा त्रास करूनही घेत नाही. तशी चाचणी झालेली आहे."

डॉक्टर म्हणाले, "असा दाखला आमच्या घरात कोणालाच मिळायचा नाही."

इंजिनियर पाचच्या गाडीने गेले. सहा वाजता रेघा आल्या.

• • •

दवाखान्याच्या मागच्या भिंतीला लागून नामदेवभाऊंचं शेत. कपाशी, मध्ये तूर. माणूस फार मायाळू. त्या वर्षी तर आठवड्याला काहीतरी आणून द्यायचे, वांगी, वाल, एकदा भलामोठा कोहळा. "ठेवा बाई. तुमचे उपकार हायेत." कसले उपकार, ते मी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी डॉक्टर वैतागून म्हणाले, "माणूसच नको. तारा त्या कोहळ्याला लावा." मी कोहळा पुसला, मलम लावलं, तारांचे रबरी फुगे बसवले. पट्टी निघाली. सेकंदाला एक, नेमाने, कोहळ्याला ठोके पडत होते.

डॉक्टरांनी पट्टी टेबलावर पसरली. "याले यवतमाळले पाठवता काय?" मी विचारलं. पण ते हसले नाहीत. कंपनीने कळवलं होतं की पुढच्या भेटीतही दोष दिसला तर मशीन परत नेणार. मग छाती धरून येणाऱ्या प्रत्येकाने यष्टी पकडायची.

• • •

शेवटच्या भेटीला डॉक्टरांनी इंजिनियरांची पाचची गाडी मुद्दाम चुकवली. चहा पाजला, पोहे खाऊ घातले, परत चहा. सहाला तारा परत कोहळ्याला लावल्या, आणि रेघा सुरू झाल्या. इंजिनियरांनी दवाखान्यातला पंखा, फ्रीज, दिवे, सगळं बंद करायला लावलं. रेघा चालूच. मग त्यांनी मशीनचा प्लग काढला आणि ती बॅटरीवर चालवली. कोहळा शांत झाला.

"म्हणजे भिंतीतून येतंय," ते म्हणाले, आणि अर्थिंगची तार धरून टॉर्चच्या उजेडात मागे गेले. आम्ही त्यांच्या मागोमाग. मागे अर्थिंगचा खड्डा होता. अर्थिंगला ओल लागते असं वायरमनने सांगितल्यापासून मी त्यात रोज सकाळी बादलीभर पाणी ओतायचे. खड्ड्यातल्या लोखंडी पट्टीला आमच्या तारेशेजारी आणखी एक तार बांधलेली होती. ती भिंतीवरून पलीकडे शेतात गेली होती.

"ही कोणाची?"

मला एकदम आठवलं. पेरणीनंतर नामदेवभाऊंनी विचारलं होतं, "बाई, माही जमीन कोरडी, झटका मशीन नीट लागत नाही. तुमच्या खड्ड्यात ओल असते. तिथं तार लावू काय?" आणि मी म्हटलं होतं, "लावा न, आमचं काय जाते."

झटका मशीन म्हणजे रानडुकरं येऊ नयेत म्हणून शेताभोवतीच्या तारेत सेकंदाला एक झटका सोडणारी पेटी. नामदेवभाऊ ती दिवेलागणीला चालू करायचे.

मी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी नामदेवभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "मी तार काढतो, साहेब. पण डुकरं आली तर त्याइले काय सांगू? इकडं तपासणी चालू हाये म्हणून?"

तार काढली. पट्टी सरळ आली. मग नामदेवभाऊच खाटेवर आडवे झाले. "एवढ्या लोकाइले घाबरवलं मी. माह्या छातीचंही पाहा एकदा." त्यांची पट्टी मी काढली. स्वच्छ होती. इंजिनियरांनी ती आपल्या कागदांना जोडली आणि मशीन इथंच राहील असं लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नामदेवभाऊंनी आपल्या बांधावर, आमच्या भिंतीपासून लांब, खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरलं, आणि मी एक बादली आमच्या खड्ड्यात ओतली, दुसरी भरून त्यांच्या.