पगडी घालून फीमाफी मागायला

आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी. हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. त्या बी.ए.पायी घरातून काय गेलं, तेही त्याच आवाजात सांगतो.

मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा उज्जैन ‘मध्य भारत’ नावाच्या प्रांतात होतं. ग्वाल्हेरचं राज्य जाऊन फार काळ झाला नव्हता. बाबा त्या राज्याच्या कचेरीत कारकून. राज्य विलीन झालं, कचेऱ्या एकात एक मिसळल्या आणि जुनं मोडी दफ्तर सांभाळणाऱ्या माणसाचं तिथं काम उरलं नाही. पेन्शन मंजूर झाली, पण ती कधी येई, कधी नाही. बाजारात मात्र सगळे त्यांना अजून ‘रावसाब’ म्हणत, आणि बाबा त्या हाकेला मान किंचित हलवून उत्तर देत.

कॉलेजच्या व्हरांड्यात फीचा तक्ता टांगलेला होता. तो वाचून आम्ही घरी आलो आणि त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही. मग माझ्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं की फीमाफी मिळते. कमिटी बसते, वडिलांनी स्वतः जाऊन अडचण सांगायची, कमिटी फी कमी करते. बाबांना हे पटायलाच बरेच दिवस लागले. मागायला जायचं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. भाजीवालीशीसुद्धा ते कधी भाव करत नसत; सांगेल ती किंमत देऊन येत आणि आईची बोलणी खात.

शेवटी तयार झाले. सकाळी ट्रंकेतून पांढरा अंगरखा निघाला, उपरणं निघालं, खुंटीवरची शिंदेशाही पगडी निघाली. आई म्हणाली, आज साधं धोतर आणि टोपी पुरे.

“कमिटीपुढं जायचं आणि टोपी घालून?” बाबा म्हणाले. “लोक भिकारी समजतील.”

“तेच तर समजायला हवंय त्यांना,” आई म्हणाली.

बाबांनी पगडी घातली. दरबारात जायचं तर पूर्ण पोशाखात, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं, आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी.

व्हरांड्यात बरीच माणसं बसली होती. टावर चौकात कापडाचं मोठं दुकान असलेले सेठ आमच्या शेजारीच बसले होते. एरवी गादीवर मलमलचा कुर्ता घालून बसणारे सेठ त्या दिवशी फाटक्या बंडीत होते. पायात चप्पलही नव्हती. बाबा मला हळूच म्हणाले, “बिचाऱ्याचा धंदा बसलेला दिसतो.”

आमची पाळी आली. बाबांना बघून कॉलेजचे सेक्रेटरी खुर्चीतून उठले. कमिटीतल्या एका वकिलांनी आपली खुर्ची पुढं सरकवली. मी दाराशी उभा होतो. बाबांनी घरून वाक्य पाठ करून आणलं होतं. रस्ताभर ओठ हलत होते त्यांचे. पण सेक्रेटरीच बोलत सुटले. जुन्या जमान्याचे लोक, खानदानी घरं, आप जैसों के भरोसे ही तो कॉलेज चलता है. मग त्यांनी विचारलं, “आपको तो माफी-वाफी नहीं चाहिए न, रावसाब?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“नहीं,” ते म्हणाले. “लड़के का नाम लिखवाने आया हूँ.”

घाटावर पंडा यजमानाचे कपडे बघून दक्षिणा सांगतो, यजमान हात जोडतो, मग काय ते ठरतं. उज्जैनात जन्मलेल्या पोरालाही हे कळतं. कॉलेजच्या तक्त्याचंही तसंच असेल, हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यात आलं नाही. तक्ता म्हणजे सरकारी हुकूम, असंच आम्ही धरून चाललो.

पुढं आम्ही पुढची खोली यात्रेकरूंना भाड्यानं दिली. आई त्यांचं जेवणही करू लागली. बाबांनी नोकरी धरली ती त्या सेठांच्याच दुकानात. तिथं खाली सतरंजीवर बसायचं, थान म्हणजे कापडाचे तागे उलगडायचे, कापायचे, हिशेब लिहायचा. पगडी खुंटीला गेली. सेठ त्यांना ‘मुनीमजी’ म्हणू लागले.

सेठांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. त्याची फी अर्धी माफ झालेली. एकदा पोरांसमोर हसत म्हणाला, “तेरे बाबा तो दूल्हा बनके आए थे यार, माफी किसको देते?” सगळे हसले. मीही हसलो, दुसरं करणार काय.

दुसऱ्या वर्षी मी बाबांना म्हणालो, यंदा मी एकटा कमिटीपुढं जातो, जुना सदरा घालून. बाबा जेवत होते. ते म्हणाले, “नको. तिथं एकदा नाही म्हणून आलोय मी. एवढ्या एका ठिकाणी तरी रावसाब राहू दे मला.”

म्हणून पूर्ण फी भरत राहिलो. वर्गात आमच्यासारख्या घरातली जी मुलं होती त्यांच्यात पूर्ण फी भरणारा, मला वाटतं, मी एकटाच.

मी पास झालो तेव्हा राजधानी भोपाळला गेली होती आणि आमच्या प्रांताचं नाव मध्य प्रदेश झालं होतं. निकाल कळला तसा मी रेल्वे लाइन ओलांडून थेट दुकानात गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून पायरीवर थांबलो. गिऱ्हाईक म्हणजे कॉलेजचे सेक्रेटरी. मुलीच्या लग्नाचं कापड घ्यायला आले होते.

बाबा सतरंजीवरून उठून उभे राहिले. मान किंचित हलवली, पूर्वी हलवायचे तशी. उघड्या डोक्यानं.

“मुनीमजी,” सेक्रेटरी म्हणाले, “ज़रा वो ऊपर वाला थान दिखाना.”

बाबांनी थान काढला, उलगडला, किंमत सांगितली. सेक्रेटरी हसले. बोली हुई कीमत कौन देता है, म्हणाले, आणि गादीवरच्या सेठांकडे वळले. सेठांनी लगेच भाव उतरवला. बाबांनी कापड मोजलं, फाडलं, घडी करून त्यांच्या हातात दिलं. सेक्रेटरींनी त्यांच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

ते गेल्यावर मी वर चढलो आणि पास झाल्याचं सांगितलं. बाबा “बरं झालं” म्हणाले. मग खाली बसून उलगडलेला थान पुन्हा गुंडाळू लागले. मी दुसरं टोक धरलं.