पाहणीच्या दिवशीची सफेदी

अल्जियर्सच्या कसबा या जुन्या वस्तीत एका खोलीत सात माणसं, अशी झुलेखाबाईंची एकोणीस वर्षं गेली होती. सरकारी घरासाठी अर्ज करूनही सतरा झाली. अखेर पाहणीला माणूस येणार असा निरोप आला. त्या दिवशी सकाळी कामावर जाताना सून नजातने बजावलं, "यम्मा, आज कशाला हात लावू नका. भिंतीची ओल दिसू दे. गाद्या पसरलेल्याच राहू देत."

"नाही लावत गं."

सून जिना उतरली आणि यम्मांनी चुन्याची बादली काढली. परका माणूस घरी येणार आणि समोर बुरशी? काय वळण लावलंय आईने, असं म्हणायचा. ऑगस्टच्या उन्हात भिंत दुपारपर्यंत पांढरीशुभ्र झाली. गाद्यांच्या चळतीवर भरतकामाची चादर पडली. नातवंडं गच्चीवर गेली आणि खजूर भरलेले मकरूत कढईत.

पाहणीदाराने तीन मकरूत खाल्ले, दोनदा कॉफी घेतली. "हाज्जा, घर असावं तर असं," म्हणाला आणि कागदावर लिहून गेला: राहण्यास योग्य.

नजातने चार दिवस भांडी आपटली. पाचव्या दिवशी म्हणाली, "निदान मकरूत तरी करपवायचे होते."

हमामखान्यात बायका विचारत, तेव्हा झुलेखाबाई स्वतःच सांगत, "लोक घर मिळावं म्हणून साहेबाला खाऊ घालतात. मी मिळू नये म्हणून घातलं. अक्कल सतरा वर्षं रांगेत उभी होती, ऐन वेळी घरी निघून गेली."

फेरअर्जावर आठ महिन्यांनी तोच माणूस आला. या वेळी नजात रजा घेऊन घरीच होती. झुलेखाबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसल्या. ओलीने फुगलेल्या भिंतीचा पोपडा पाहुण्याच्या खांद्यावर पडला. झुलेखाबाईंचा हात निम्मा बाहेर आला. नजातने डोळे वटारले, हात परत मांडीखाली गेला.

पाहणीदाराने लिहिलं: राहण्यास अयोग्य. म्हणजे नाव यादीत चढलं. नजातच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अयोग्य?" झुलेखाबाई उठल्याच. "एकोणीस वर्षं मी इथे दिवसातून दोनदा फरशी पुसते आणि हा कालचा पोरगा—"

"यम्मा, बसा," नजात हळूच म्हणाली. "आधी शिक्का मारू दे त्याला."